अरवाची सकाळ

चुडीदार डाव्या गुडघ्यापाशी येऊन अडला.

मासूमाला वाटलं, शिवणीत दोरा गुंतला असेल. तिने कापड उलटं करून पाहिलं. शिवण सरळ होती. ईदला अरवाला मोरपंखी चुडीदारच हवा होता आणि सौदीतल्या अल-खोबरच्या दुकानांत तिच्या मापाचा मिळेना, म्हणून मासूमाने आपल्या जुन्या ओढणीचं कापड काढून घरीच बेतला होता. कापताना दोन्ही पाय एकावर एक ठेवले होते, म्हणजे मापात फरक पडायचं कारणच नव्हतं. उजवा पाय सरसर आत गेला. डावा पोटरीवरून चढला आणि गुडघ्याशी थांबला.

"मम्मी, टाइट है," अरवा म्हणाली. पाच वर्षांच्या अरवाला घरातलं मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून उत्तर यायचं ते शाळेतल्या हिंदीत.

"हलू नको गो. बघू दे मला."

मासूमाने गळ्यातली टेप काढून एका गुडघ्याभोवती धरली, मग दुसऱ्या. डावा गुडघा जाड होता. तिने टेप वर सरकवून मांडी मोजली. तिथे उलटं निघालं. डावी मांडी बारीक होती. माप चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा घेतलं, आणि मग टेप बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंना छोटे खळगे होते. डाव्याला खळगेच नव्हते. ते कुणीतरी आतून भरून टाकल्यासारखे बुजले होते.

रमजानच्या आधीपासून अरवा अधूनमधून लंगडत होती. रमजान लागला तेव्हा न राहवून मासूमा तिला जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये घेऊन गेली होती. मुलांच्या डॉक्टर अमिता मूळच्या इंदूरच्या, गर्दीतही शांतपणे विचारणाऱ्या. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, एक्सरे काढला, रक्त तपासलं. सगळं ठीक आलं. मग त्यांनी विचारलं, "सुबह पैर अकड़ता है क्या? सुबह चलने में तकलीफ?"

मासूमाने खरं तेच सांगितलं होतं. सकाळी? सकाळी तर ही घरभर धावत असते. लंगडते ती दुपारी.

डॉक्टरांनी मान हलवली होती. दुपारी म्हणजे खेळून दमत असेल, कुठेतरी पडली असेल. दुखण्याचं सिरप लिहून दिलं आणि ईदनंतरही राहिलं तर या, असं सांगितलं. मासूमा हलकी होऊन घरी आली होती.

आता बाजूला ठेवलेल्या टेपकडे बघताना तो हलकेपणा कुठच्या कुठे गेला.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मुनाफ आला होता. आज गुरुवार, त्याचा घरी यायचा दिवस. मुनाफ रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटमध्ये फिटर होता. आठवडाभर तिथल्या कॅम्पमध्ये राहायचा आणि सुट्टीपुरता खोबरच्या फ्लॅटवर यायचा. आज मात्र वर न येता तो मायलेकींना घेऊन थेट दम्मामच्या विमानतळावर निघाला होता. त्याचे मामू, बाणकोटचे हुसेनमियाँ, उमरा करून जेद्दाहून येत होते. दोन दिवस भाच्याकडे राहून शनिवारी मुंबईचं विमान.

अरवा धावत जिना उतरली. मासूमा मागून बघत होती. गुडघा थोडा वाकलेला राहत होता, पण पळण्यात काही कमी नव्हतं.

"ही लंगडते?" मुनाफ हसून म्हणाला. "हिला आमच्या प्लांटवर घेऊन जातो. पंप बंद पडला तर हिलाच जोडू."

"गुडघा बघा तिचा. मी मोजला आज."

"मामू येतायत. तेच बघतील."

त्याच्या आवाजात खात्री होती. कारण हुसेनमियाँ हाड बसवणारे होते. खाडीच्या दोन्ही काठांवर त्यांचं नाव होतं. मुनाफ लहानपणी धक्क्यावरून होडीत उडी मारताना पडला, कोपर निखळलं, तेव्हा ते याच मामूंनी बसवलं होतं. आजही कुणी हाडवैद्याबद्दल वाकडं बोललं, की मुनाफ बाही वर करून हात सरळ करून दाखवायचा.

हुसेनमियाँ विमानतळाबाहेर आले ते हसतच. मुंडण केलेलं डोकं, पांढरी दाढी, हातात झमझमच्या पाण्याचा डबा. "विमानात ती पोरगी मला पट्टा बांधायला वाकली," ते गाडीत बसता बसता म्हणाले. "म्हटलं, बाय, सगळ्या बाणकोटाला मी बांधतो, आणि तू मला बांधतेस?"

मुनाफ खो खो हसला. अरवाही हसली आणि थोड्या वेळाने मागच्या सीटवर आईच्या कुशीत झोपून गेली. घरी पोचल्यावर मुनाफने तिला तशीच खांद्यावर टाकून वर नेलं आणि सोफ्यावर ठेवलं.

मासूमाने दस्तरखान अंथरला, खजूर मांडले, सांदण आणि मटणाचा रस्सा आणला. पुरुष हातपाय धुवायला गेले तेवढ्यात अरवा उठली. मासूमा स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा जग घेऊन उभी होती. अरवा सोफ्यावरून पोटावर वळली. उजवा पाय आधी खाली सोडला. मग भिंतीला तळवा टेकवला आणि भिंतीवरून हात सरकवत, डावा पाय न टेकता, दस्तरखानाकडे निघाली. एखादी म्हातारी अंधारात वाट चाचपडत जावी तशी.

रडली नाही. हाक मारली नाही. येऊन बसली आणि तिने खजूर उचलला.

अजान झाली. रोजे सुटले. जेवणं आटोपेपर्यंत अरवा उठून बाल्कनीत जाऊन आली होती, आणि फळं कापेपर्यंत ती सोफ्यावरून खाली उड्या मारत होती.

"ये गो पोरी, इकडे ये," हुसेनमियाँनी तिला मांडीशी घेतलं. "दाखव बघू तुझा पाय."

त्यांचे हात जाड आणि सावध होते. त्यांनी वाटीभोवती अंगठे फिरवले, पाय सरळ करायचा प्रयत्न केला. शेवटच्या थोड्या अंतरावर तो अडला. त्यांनी किंचित जोर दिला. अरवाच्या तोंडातून आवाज निघाला नाही. पण तिच्या पायाची बोटं आवळून आत वळलेली मासूमाने पाहिली.

"सरकलाय," हुसेनमियाँ म्हणाले. "पडली असणार कधीतरी. सांधा हलला, नीट बसला नाही, वर पाणी धरलं. उद्या जुम्म्याची नमाज करून आलो की बसवतो. एक झटका, खलास."

"मामू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ईदनंतर..." मासूमाने सुरुवात केली.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही नाही," मुनाफने तिचं वाक्य तोडलं. "एक्सरेत काही नाही, रक्तात काही नाही. मग हा गुडघा काय हवा भरून सुजलाय? तूच म्हणतेस मोजलास."

"मोजला म्हणूनच म्हणते. त्यांना परत दाखवू या."

"दाखव ना. आधी मामू बसवतील, मग दाखव. त्या पण म्हणतील, वा!"

हुसेनमियाँ समजुतीने हसले. "दुल्हनला भीती वाटते. आईला वाटायचीच. तू उद्या दुसऱ्या खोलीत बस. मुनाफ धरेल तिला."

मुनाफ धरेल तिला. 

पुरुष रात्रीच्या तरावीहच्या नमाजेला गेले. मासूमा भांडी विसळत होती, पण हातांचं काम हातच करत होते. मन भिंतीवरून सरकणाऱ्या त्या लहानशा तळव्यापाशी अडकलं होतं. आत्ता, संध्याकाळी, लंगडली. दुपारी लंगडते. आणि मधल्या वेळात उड्या मारते. दमून दुखतं म्हणावं, तर गाडीत ती दमली कुठे होती? झोपली होती.

झोपली होती.

मासूमाने नळ बंद केला.

दुपारी तरी अरवा काय करते? उठते. केजीची परीक्षा संपून सुट्टी लागल्यापासून घराचं घड्याळच उलटं झालं होतं. इथल्या सगळ्याच घरांचं रमजानमध्ये तसं होतं. रात्रभर दुकानं उघडी, मुलं खाली खेळतायत, पहाटेच्या सहरीनंतर फजरची नमाज, आणि मग उजाडल्यावर झोप. डॉक्टरांनी ज्या सकाळबद्दल विचारलं, त्या सकाळी अरवा रात्रभर जागी असून, खेळून, मोकळी झालेली असायची. तिचा दिवस उगवायचा तो जुहरच्या अजानीला. दुपार हीच तिची सकाळ होती.

आणि त्याआधी, शाळा चालू असताना? तेव्हा खऱ्या सकाळी मासूमा तिला अर्धवट झोपेतच कपडे घालायची आणि कडेवर घेऊन व्हॅनमध्ये बसवायची. एकदा टीचरनी सांगितलं होतं, असेंब्लीच्या कवायतीला अरवा खाली बसते, आळशी आहे. मासूमाने घरी आल्यावर तिलाच रागावलं होतं.

तिने ओल्याच हातांनी पॉलिक्लिनिकला फोन लावला. डॉक्टर अमिता शुक्रवारी इफ्तारनंतर बसणार होत्या. पहिला नंबर मिळाला.

मुनाफ परतल्यावर तिने दारातच त्याला गाठलं. सगळं सांगितलं: झोप, गाडी, भिंत, दुपार. बोलताना तिचं तिलाच जाणवत होतं, की गोष्ट हातात आहे, पण तिला अजून नाव नाही.

मुनाफने चपला काढल्या. "मासूमा, झोपून उठल्यावर माझीपण कंबर धरते. म्हणून काय मी आजारी आहे?"

"तुम्ही चाळिशीचे आहात. ती पाच वर्षांची आहे."

"तू दिवसभर एकटी असतेस. बघत बसतेस आणि भीत बसतेस."

"आणि तुम्ही आठवड्यातून दोन दिवस बघता, तेही संध्याकाळी! जुम्म्याला तुम्ही नमाजहून येईपर्यंत ती उठून मोकळी झालेली असते. तुम्ही तिला उठताना बघितलंय का कधी? एकदा तरी?"

मुनाफने चपला कोपऱ्यात सरकवल्या. मग म्हणाला, "मामू शनिवारी जातायत. हा हात माझा..." आणि त्याचा हात सवयीने बाहीकडे गेला.

"उद्या इफ्तारपर्यंत थांबा. एवढंच."

"मामू रात्री करत नाहीत. जुम्म्याची नमाज, वजू आणि रोजा, यावरच त्यांचा हात चालतो. तुला माहीत आहे." तो आत गेला.

शुक्रवारी उन्हं चढली तेव्हा मासूमाचा डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. अरवाला घेऊन शेजारी जाऊन बसावं असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण दार लावून पळ काढला, तर मुनाफ कायम म्हणणार, बायकोने ऐकलं नाही म्हणून पोरीचा पाय राहिला. आणि तिची समजूतच चुकीची असली तर? पॉलिक्लिनिकमध्येही तिने खरंच सांगितलं होतं, आणि ते चुकीचंच निघालं होतं.

पुरुष जुम्म्याला गेले. मासूमाने अरवाच्या खोलीचा पडदा ओढला. पोर गाढ झोपली होती, गुडघा पोटाशी वाकवून. मासूमाने तिला उठवलं नाही.

मामा-भाचे परत आले. हुसेनमियाँनी खोबरेल तेलाची वाटी गरम करायला सांगितली. मासूमाने गॅस पेटवला, वाटी ठेवली, गॅस बंद केला आणि वाटी त्यांच्या हातात दिली. मग ती अरवाच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

"ऊठ गो," मुनाफ हलक्या आवाजात म्हणाला. "वाट दे."

"देते. पण तिला हात लावून उठवू नका. आपसूक उठू द्या आणि तुम्ही दोघं इथे बसून नुसतं बघा. त्यानंतर मामू म्हणतील ते."

"मासूमा..."

"राहू दे रे," हुसेनमियाँ म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले. "झोपलेल्या पोराला मी पण झटका देत नाही. बसू या."

तिघं दारात बसली. एसी घुरघुरत होता. तेल वाटीत निवत चाललं. हुसेनमियाँच्या बोटांत तसबीहचे मणी सरकत होते. मुनाफ एकदा अरवाकडे बघायचा आणि एकदा जमिनीकडे.  आजच ती नीट उठली तर? आजच टुणकन उडी मारून बापाच्या गळ्यात पडली तर?

अरवाने डोळे उघडले. अब्बांना बघून हसली. उठून बसली नाही. आधी दोन्ही हातांनी डावा पाय धरला आणि बाहुलीचा पाय उचलावा तसा बाजूला ठेवला. मग पोटावर वळून पलंगावरून घसरत खाली आली आणि बसल्या बसल्या, ढुंगणावर सरकत, दाराकडे यायला लागली. दारापाशी आल्यावर कडी धरून उभी राहिली. डावी टाच अधांतरी.

"अस्सलामु अलैकुम, अब्बा."

मुनाफने हात पुढे केला. "अरू... चाल ना बेटा. पाय टेक."

"अभी नहीं. अभी ये सो रहा है."

"काय झोपलंय?"

"पैर," अरवा म्हणाली. बापाला एवढंही कळू नये याचं तिला नवल वाटलं. "मैं पहले उठती हूँ, ये बाद में. ये वाला बहुत लेट उठता है." मग तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. "आपके वाले कब उठते हैं?"

 मासूमाने ओढणीचा बोळा तोंडावर दाबला. इतके दिवस ती पोरीला विचारत होती, दुखतं का गो? आणि पोर म्हणायची, नाही. तिच्या लेखी ते दुखणंच नव्हतं. सगळ्यांचे पाय माणसाच्या मागून उठतात, अशीच तिची समजूत होती.

हुसेनमियाँनी घसा खाकरला. "जखडलाय. म्हणजे सांधा जाम झालाय. आत्ताच मोकळा करायला पाहिजे. मुनाफ, धर तिला." त्यांनी बोटं तेलात बुडवली, अरवाला अलगद मांडीवर घेतलं, एक हात गुडघ्याखाली, एक घोट्यावर.

अरवाने आईकडे पाहिलं.

मासूमाने पुढे होऊन हुसेनमियाँचं मनगट धरलं.

सासरच्या वडीलधाऱ्या माणसाच्या अंगाला तिने आजवर हात लावला नव्हता. त्या मनगटाची नस तिच्या बोटांखाली उडत होती. हुसेनमियाँनी तिच्याकडे बघितलंच नाही. ते भाच्याकडे बघत राहिले. "तुझी बायको माझा हात धरते, मुनाफ. मी सोडू की ओढू? तू सांग."

"यांना आधी हात लावून बघू दे," मासूमा म्हणाली. तिची पकड सुटली नाही. "प्लांटवर कशाला हात लावून बघता, तसं."

मुनाफ वाकला. काय करायचं हे त्याला सांगावं लागलं नाही. रोज शिफ्टच्या सुरुवातीला तो पंपांच्या रांगेतून जाताना प्रत्येक बेअरिंगवर हाताची पालथी बाजू टेकवायचा. मीटर नंतर. आधी हात. त्याने पालथा हात अरवाच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला. मग डाव्यावर. पुन्हा उजव्यावर. पुन्हा डाव्यावर.

"गरम आहे," तो म्हणाला.

"झोपेतून उठलीय. ऊब असणार," हुसेनमियाँ म्हणाले.

"उजवा पण झोपेतूनच उठलाय, मामू." मुनाफचा हात तिथेच होता. "पहाटेपासून बंद होता. चालला नाही, भार नाही, तरी गरम. नुसतं सरकलेलं असेल, तर बंद असताना गरम कशाला होईल? हे आत काहीतरी चालू आहे. माझं कोपर झालं होतं गरम?"

"पहिल्या दिवशी झालं होतं."

"पहिल्या दिवशी. हिचं कधीपासून चाललंय." त्याने मान वर केली. "मामू, राहू द्या."

हुसेनमियाँनी हात काढून घेतले. तेलाची वाटी स्वतःच उचलून स्वयंपाकघरात ठेवून आले आणि कुराण घेऊन असरच्या नमाजेपर्यंत बाल्कनीत बसून राहिले. इफ्तारला मासूमाने त्यांच्यापुढे सांदणांची थाळी ठेवली. त्यांनी खजूर खाल्ला, पाणी प्यायलं, आणि फक्त मुनाफला म्हणाले, "जा, उशीर करू नको. डॉक्टर तरी काय सांगते बघ."

पॉलिक्लिनिकमध्ये या वेळी मासूमा बसायच्या आधीच बोलली. "डॉक्टर, आपने सुबह का पूछा था. मैंने ग़लत सुबह बताई." आणि मग तिने सगळं सांगितलं. झोपेचं, गाडीचं, शाळेच्या कवायतीचं, टेपच्या मापांचं. डॉक्टर अमितांनी लिहिणं थांबवलं. त्यांनी अरवाला पलंगावर घेतलं आणि दोन्ही गुडघे पुन्हा तपासले. या वेळी बराच वेळ. मग घोटे, मनगटं, बोटांचा एकेक सांधा, आणि जबडासुद्धा.

"मला विचारायला हवं होतं, उठते कधी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. शरीरात पहारेकरी असतात, बाहेरून आलेल्या जंतूंशी लढणारे. कधीकधी ते घरालाच शत्रू समजतात. सांध्याच्या आतलं मऊ अस्तर त्यांच्या माऱ्याने सुजतं, आत पाणी साचतं. हालचाल असली की ते वाहतं राहतं. सांधा स्वस्थ पडला की आखडतो. म्हणून झोपेनंतर, लांबच्या प्रवासानंतर. दुखतो म्हणून मूल नकळत तो पाय वापरणं कमी करतं, आणि मांडी बारीक होत जाते.

"म्हणजे संधिवात?" मुनाफ म्हणाला. "तो तर म्हाताऱ्यांना होतो."

"मुलांचा वेगळा असतो. झिजून होत नाही, आतल्या दाहाने होतो. आणि रक्त बऱ्याचदा साफ येतं. मी त्या साफ रिपोर्टवर विसंबले."

"माझे मामू आज पाय ओढणार होते."

डॉक्टरांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "सुजलेल्या सांध्याजवळचं कोवळं हाड तेवढा जोर सोसतंच असं नाही," एवढंच म्हणाल्या. मुनाफने अरवाचा घोटा मुठीत धरून ठेवला होता. ती मूठ त्याने सैल केली.

डॉक्टरांनी दम्मामच्या मोठ्या इस्पितळातल्या मुलांच्या सांध्यांच्या तज्ज्ञांसाठी तातडीची चिठ्ठी लिहिली. मग फोन उचलला. "वरच्या मजल्यावर नेत्रतज्ज्ञ बसल्या आहेत. आत्ताच दाखवून जा."

"डोळे?" मासूमाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "हिचे डोळे चांगले आहेत. लाल नाहीत, काही नाही."

"त्यासाठीच. या आजारात काही मुलांच्या डोळ्यांतही दाह होतो. लाल होत नाही, दुखत नाही. मूल सांगत नाही. दिसायला कमी झालं की कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो."

मूल सांगत नाही. जिना चढताना मासूमाच्या कानात तेच वाजत होतं. तिला वाटलं होतं, आजची लढाई दुपारी उंबऱ्यावर संपली. गुडघा ही नुसती खूण होती.

अरवाने यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवली. खोलीत अंधार केला. नेत्रतज्ज्ञ प्रकाशाची बारीक फट तिच्या बुबुळावरून सरकवत राहिल्या. उजव्या डोळ्याला थोडा वेळ लागला. डाव्यावर प्रकाश थांबला. तिथेच थांबून राहिला. मुनाफ भिंतीला टेकून उभा होता. 

"मम्मी, कितना देर?" अरवाने जागचं न हलता विचारलं.

"झालंच गो."

दिवा लागला. "डाव्या डोळ्यात आहे," त्या म्हणाल्या. "उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगताना दिसते ना, तसे डोळ्यातल्या पाण्यात दाहाचे कण दिसतायत. थोडेच आहेत. अजून कुठे डाग नाही, नजर शाबूत आहे. वेळेवर आणलंत. थेंब आजपासूनच सुरू करू."

मुनाफ खाली बसला. खुर्ची होती, पण तो जमिनीवरच बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून. अरवा स्टुलावरून उतरून त्याच्याकडे चालत गेली. तोवर तिचा पाय चांगलाच जागा झाला होता.

हुसेनमियाँ शनिवारी गेले. विमानतळावर त्यांनी अरवाच्या डोक्यावर हात ठेवून दुआ केली. मासूमाने सलाम केला. त्यांनी उत्तर दिलं, पण नजर दिली नाही. ईदच्या फोनवर मात्र त्यांनीच तिला बोलावून घेतलं. "तू माझा हात धरलास हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "तू पण सांगू नको. धंदा बसेल माझा." ते हसले की नाही, हे तिला फोनवर कळलं नाही.

दम्मामच्या तज्ज्ञांनी गुडघ्यातलं पाणी काढून आत औषध सोडलं. शिवाय एक गोळी सुरू केली, आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज दिली तर तेच औषध विषासारखं वागेल, हे त्यांनी दोनदा बजावलं. ती गोळी मुनाफने स्वतःकडे घेतली. गुरुवारी घरी आला की चपला काढायच्या आधी तो हात धुऊन अरवाला गोळी द्यायचा. डोळ्याचे थेंब मासूमाकडे होते. कितीतरी महिने चालणार होतं हे सगळं, कदाचित वर्षं. सहज बरं होईल असं कुणी म्हणालं नव्हतं.

चुडीदाराचा डावा पाय मासूमाने उसवून, जोड लावून सैल केला. ईदला अरवाने तोच घातला. जोड दिसत होती.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा मासूमाने अरवाला कडेवर उचलून व्हॅनमध्ये घालणं बंद केलं. लवकर उठवायची, गरम पाण्याने पाय शेकायची आणि वाट बघायची. त्याच वेळी रास अल खैरच्या कॅम्पमधून, शिफ्टच्या बसमध्ये चढता चढता, मुनाफचा व्हिडिओ कॉल यायचा. पूर्वी तो या वेळी कधीच फोन करत नसे.

"अरू, उठलीस?"

"उठ गई."

"आणि पाय?"

अरवाने पांघरूण बाजूला केलं. पलंगाच्या कडेला बसून तिने दोन्ही टाचा जमिनीवर ठेवल्या. मासूमाने फोन तिच्या पायांकडे वळवला. अरवा उभी राहिली. डावा गुडघा किंचित वाकलेलाच होता. तिने एक पाऊल टाकलं आणि थांबून नीट विचार केला.

"एक उठ गया," ती म्हणाली. "दूसरा उठ रहा है, अब्बा. आप लाइन पे रहो."

मागून कुणीतरी, बस निघतेय, यल्ला, म्हणून ओरडलं. मुनाफ लाइनवर राहिला.